तिरपी चाल

आमचे गुणवंतकाका कोणाकडेही सरळ जात नाहीत. तिरपे जातात.

म्हणजे बघा, त्यांना माझ्याकडे पेपर वाचायला यायचं आहे. त्यांचं फाटक आणि माझं फाटक समोरासमोर, मधे बारा पावलांचा रस्ता. दुसरा कोणी असता तर बारा पावलं टाकून आला असता. काका आधी डावीकडच्या घराच्या जास्वंदीपर्यंत जातात. तिथं उभं राहून आभाळ बघतात. मग रस्ता ओलांडतात, पण नजर माझ्या घराकडे नाही, विजेच्या खांबाकडे. खांबापाशी दोन मिनिटं मुक्काम. तिथून कुंपणाच्या कडेनं दोन पावलं, थांबले. तीन पावलं, थांबले. आणि मी चहाचा घोट घ्यायला मान खाली घालून वर बघावं तर काका व्हरांड्यातल्या खुर्चीत हजर, हातात माझाच पेपर! आम्ही अमरावतीच्या या कॉलनीत राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात बायकोनं मला खिडकीशी ओढत नेलं होतं. "अवो, तो माणूस पाहा. घर हेरून राहिला वाटते."

घर नाही, काका माणूस हेरत होते. सवयच ती. पाटबंधारे खात्यात मोजणीदार म्हणून त्यांची सगळी नोकरी तलावांवर गेली. कालव्यात पाणी किती सुटलं ते मोजायचं, वहीत लिहायचं, आणि उरलेला वेळ पाखरं बघायची. पाखराजवळ कसं जायचं हे ते तिथं शिकले. सरळ गेलं की पाखरू उडतं. त्याच्याकडे न बघता, आपलं दुसरंच काही काम आहे असं दाखवत, तिरपं तिरपं सरकत गेलं की बसून राहतं. इथवर ठीक होतं. पण काकांनी हा नियम सगळ्या सृष्टीला लावला.

"काका, माणसाजवळ कावून तिरपे जाता?" मी एकदा विचारलं.

"पाखरू का, साहेब का, भाजीवाली का, समदे सारखेच मास्तर. सरळ गेलं का उडते."

मी कोचिंग क्लासात गणित शिकवतो. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हे सातवीतल्या पोट्ट्यालाही कळतं.

"ते तुह्या फळ्यावर," काका म्हणाले. "तळ्यावर नाही."

पेन्शनच्या कामाला ते एकदा एका कचेरीत गेले. संबंधित बाबूच्या टेबलाकडे जायच्या ऐवजी खिडकीशी गेले, मग पंख्याखाली, मग कपाटाशी. तीन वेढे झाल्यावर बाबू घामाघूम झाला. त्याला वाटलं तपासणीवाला साहेब आला. त्यानं उभं राहून काकांची फाईल स्वतः शोधून सही केली. काका घरी येऊन मला म्हणाले, "पाह्यलं? बसून राह्यला. उडाला नाही."

कपड्यांचीही तीच तऱ्हा. काकांच्या कपाटात सगळे शर्ट चिखलाच्या रंगाचे. ओला चिखल, वाळलेला चिखल, आणि सणासुदीला जरा इस्त्रीचा चिखल. चांदूर रेल्वेला माझ्या पुतणीच्या लग्नाला ते आमच्यासोबत आले होते. अख्खा दिवस मांडवात होते, दोन्ही पंगतींना आग्रह करत फिरले, पण अल्बममध्ये एका फोटोत दिसतील तर शपथ. मागच्या कनातीत मिसळून गेले. माझ्या बायकोनं विचारलं तेव्हा खूश झाले. "म्हंजे रंग जमला म्हणा की सूनबाई!"

आता मेळघाटची गोष्ट सांगतो, म्हणजे वहीची गोष्ट कळेल.

आम्ही दोघं नवराबायको आणि काका जंगल बघायला गेलो होतो. काकांनी आदल्या दिवशीच हुकूम सोडले होते. पिवळी साडी नाही. अत्तर नाही. चिवड्याचं करकरणारं पाउच नाही, कुरकुरे नाही, बांगड्यासुद्धा एका हातात दोनच. गाडीत बसल्यावर पहिली वीस मिनिटं त्यांनी मला खोकूही दिलं नाही. पुढच्या गाडीतली मंडळी वाघ, वाघ करत ओरडत होती, तेव्हा काका तोंड वाकडं करून म्हणाले, "वाघाले काय पाहाचं? त्याचे फोटो बसस्टँडवर हायेत." मग नाल्याच्या काठी गाडी थांबली. काकांनी बोट न दाखवता, नुसत्या हनुवटीनं दाखवलं. पळसाच्या फांदीवर निळं, मुठीएवढं पाखरू. काकांचा चेहरा असा उजळला की मी पाखरू सोडून त्यांनाच बघत बसलो. आणि त्याच घडीला बायकोला शिंक आली.

आठ दिवस काका पेपर वाचायला आले नाहीत. नवव्या दिवशी आले ते वही घेऊन. मोजणीदाराची लांब वही, रेघा मारलेली. रकाने चार: पाखरू, संख्या, ठिकाण, आणि शेवटचा, 'उडाले कशानं'. या रकान्यात सगळ्या अमरावती जिल्ह्याची पापं लिहिलेली होती. 'चक्रवाक, ८, मोठा तलाव, म्हशीनं.' 'थापट्या, ३०, मोठा तलाव, कॉलेजच्या पोट्ट्यांच्या मोबाईलच्या गाण्यानं.' 'तुतवार, ३, कालवा, उपअभियंता साहेबानं.' आणि ताजी नोंद: 'निळं पाखरू, १, मेळघाट, सूनबाईच्या शिंकेनं.'

"तुमचं नाव कुठं आहे यात?" बायकोनं चिडून विचारलं.

"माह्यं कसं राहीन? म्या जिंदगीत पाखरू उडवलं नाही."

ते असं म्हणाले आणि एकदम वही मिटून उठले. जाताना मात्र आपल्या फाटकाकडेही तिरपेच गेले.

काकांना एक मुलगी. प्रणिता. ती नऊ-दहा वर्षांची असताना काकू गेल्या आणि बापानं एकट्यानं पोरीला वाढवलं. तलावाच्या भिंतीला लागून सरकारी क्वार्टर होतं, तिथं. सकाळी शाळेच्या आधी दोघं पाण्याच्या काठाला बसायचे. पोरगी बारीक, पाय लांबच लांब, म्हणून काका तिला शेकाटी म्हणायचे. शेकाट्या म्हणजे ते लाल काड्यांसारख्या पायांचं पाखरू, उथळ पाण्यात चालत असतं. तिला वेणी घालून देता देता काका शिकवायचे: हालू नोको, बोट दाखवू नोको, सरळ जाऊ नोको. आम्ही कॉलनीत राहायला आलो तेव्हा ती कॉलेजात होती. बाप डाव्या बाजूनं आणि लेक उजव्या बाजूनं, अशी दोघं तिरपी तिरपी एकाच वेळी माझ्या व्हरांड्यात पोचायची. मी हसून हसून बेजार व्हायचो. ते दिवस आठवले की आजही मला व्हरांडा मोठा वाटतो.

विद्यापीठातून प्राणिशास्त्र शिकून ती कोकणात गेली. तिथं एका खाडीच्या तोंडाशी वनखात्यानं पाखरांसाठी राखलेला किनारा आहे, तिथलं काम मिळालं. आणि तिथल्याच, होडीतून लोकांना पाखरं दाखवणाऱ्या एका मुलाशी तिनं लग्न ठरवलं. इकडे काकांनी अकोल्याच्या एका घरी शब्द देऊन ठेवलेला. ती सांगायला आली त्या दिवशीचं बोलणं मधला रस्ता ओलांडून माझ्या घरात आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा काकांचा चढलेला आवाज ऐकला. "जाय मंग! पुन्हा या दारात पाय नोको ठेवू!"

ती गेली. सरळ गेली, मागं न बघता. याला सहा वर्षं झाली.

दोघंही एकाच मातीची. ती महिन्यातून एकदा माझ्या बायकोला फोन करायची, "काकू, बाबा कसे हायेत?" आणि लगेच, "म्या इचारलं म्हणून सांगू नोका." काका कधी नाव काढायचे नाहीत. फक्त तिसऱ्या-चौथ्या दिवशी आभाळाकडे बघत विचारायचे, "सूनबाईले कोणाचा फोन-बिन आल्ता काय?" आम्ही म्हणायचो, आला होता, सगळं बरं आहे. कोणाचा, ते काका विचारायचे नाहीत आणि आम्हीही सांगायचो नाही. झाली बाप्पा सहा वर्षं अशीच.

गेल्या दोन हिवाळ्यांत मात्र काका एकटेच कोकणात जाऊन आले. "समुद्राचे पाखरं पाहाचे हायेत," एवढंच बोलले. यंदा जानेवारीत ते माझ्याकडे आले. खांबाशी थांबले नाहीत, थेट कुंपणाशी आले आणि त्यालाच धडकले. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं होतं, काका आज-उद्या करत होते.

"मास्तर, कोकणात चालतं काय? दुर्बीण तू पाह्य, मले सांग. वही तूच लिही. मले आता तिसरा रकाना दिसत नाही."

मी म्हटलं, आधी ऑपरेशन करा, मग जाऊ.

"अन् ऑपरेशन बिघडलं तं? आंधी एकडाव पाहून घेऊ दे."

मी क्लासाला चार दिवस सुट्टी टाकली. स्टेशनवर काका आले ते चिखलाच्या शर्टात, खांद्याला दुर्बीण, आणि हातात वरूडच्या संत्र्यांची ही एवढी पिशवी. मी म्हटलं, पाखरांना संत्री? "वाटेत खायले," ते म्हणाले. अकोला गेलं, भुसावळ गेलं, दिवस उजाडला, गाडीतून उतरून एसटीत बसलो, पण एक संत्रं सोलू देतील तर! मी हात नेला की पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण गणिताच्या माणसाला कधी कधी सोपंच गणित सुटत नाही.

एसटीत काका पेंगले तेव्हा मी वही चाळत बसलो. मागची पानं, म्हशी, पोट्टे, उपअभियंता, सगळे भेटले. मला हसू येत होतं. आणि मग सहा वर्षांपूर्वीचं एक पान आलं. पानभर एकच ओळ.

'शेकाटी. १. घर. माह्या बोलण्यानं.'

मी वही मिटली. काका झोपेत पिशवी धरून होते. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. अरे माणसा, हे एवढं वाक्य तिला नाही का लिहायचं? वहीत लिहून काय फायदा?

समुद्र मी पहिल्यांदाच बघत होतो. काकांनी डोळे बारीक करून पाण्याचा अंदाज घेतला, मोजणीदारच ना शेवटी. "येवढं पाणी अन् सोडाले एक दार नाही," ते म्हणाले. "कोणं मंजूर केलं असंन?" किनाऱ्यावर वनखात्याची पाटी, पाखरांना उडवू नका, आणि शिट्टी घेतलेला एक रखवालदार. तो काकांना ओळखत होता. गेल्या वर्षी वाळूत धावणाऱ्या पर्यटकांवर काकांनीच त्याच्याकडून दहा वेळा शिट्टी वाजवून घेतली होती. तो अदबीनं म्हणाला, "या काका, यंदा कुरव खूप आलेत." कुरव म्हणजे तिकडची पांढरी समुद्रपाखरं. ओहोटी होती. ओल्या वाळूवर हजारभर तरी बसली असतील, सगळी वाऱ्याकडे तोंड करून.

आम्ही सुरूच्या झाडाखाली बसलो. मी दुर्बीण पाखरांवर लावली.

"कुरव दिसून राहिले. आणि काठाला..."

"ते राहू दे," काका हळूच म्हणाले. "वर पाह्य. पाखरांच्या पल्याड. निळ्या दाराचं घर दिसते काय?"

दिसलं, किनारा वळतो तिथं. दाराशी एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. लांबच लांब पाय.

"काय करून राहिली?"

"कपडे वाळत घालते."

"वाळली काय? मागच्या सालापेक्षा?"

मला काय माहीत मागच्या सालची! पण मी म्हटलं, "नाही, चांगली आहे. अंगानं भरली."

"चप्पल हाय काय पायात?"

"आहे."

काकांनी मोठा श्वास सोडला. मी म्हटलं, "काका, दोन वर्षं इथवर येऊन परत गेलात? चार पावलं पुढं नाही टाकवली?"

"जवळ गेलं का उडते मास्तर." त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. "एकडाव सरळ गेलो होतो तिच्या अंगावर. पाह्यलं ना तू काय झालं ते. आता लांबून दिसते तेवढी तं दिसू दे. उडून दुसऱ्या गावाले गेली, तं म्या या डोयानं कुठी शोधू?"

मी पुन्हा दुर्बीण लावली आणि दोरीपाशी कोणी नव्हतं. काकांना सांगावं की नाही या विचारात पाच-सात मिनिटं गेली आणि ती मला दिसली. सुरूच्या रांगेच्या टोकाला. वाकून शिंपले वेचत होती. आमच्याकडे बघत नव्हती. दोन शिंपले वेचले, चार पावलं आली, थांबली, आभाळ बघितलं. मग कुंपणाच्या बांबूला हात लावून उभी राहिली, जसं काही तो बांबू बघायलाच आली आहे. पुन्हा दोन पावलं. तिरपी.

मी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवून कुजबुजलो, "काका, हालू नका."

"काय आलं?"

"हालू नका म्हणतो ना!"

काका जन्माच्या सवयीनं गोठले. ती आली आणि आमच्यापासून दोन हातांवर वाळूत बसली. तोंड समुद्राकडे.

"काय दिसून राहिलं बाबा?" तिनं समुद्राला विचारलं.

काका आभाळाकडे बघायला लागले.

"मागच्या साली या झाडाखाली होते तुमी. त्याच्या आंधीच्या साली त्या होडीच्या आड," ती म्हणाली. "दोनी डाव पाह्यलं म्या. दोनी डाव संत्र्याची पिशी ठेवून गेले. सुरूच्या झाडाले संत्रे लागते काय बाबा?"

"मंग आली कावून नाही?" काकांना एवढंच विचारता आलं.

"सरळ आली असती तं उडून गेले असते तुमी. तुमीनंच शिकवलं."

ती उठली, वाळू झटकली. "चहा ठेवतो. याचं असंन तं या." आणि झाडांच्या कडेच्या वाटेनं, वळसा घेत, मागं न बघता गेली. तिच्या खांद्यांवरून मला कळत होतं की ती रडते आहे.

ती दाराशी पोचली तरी काका बसूनच. हे पाऊल त्यांच्यासाठी मी टाकू शकत नव्हतो.

"मास्तर, घर कुठंसं हाय? मले धुरकट दिसते."

"अगदी समोर."

"मधात काय हाय?"

"पाखरं. हजारभर. कडेची वाट आहे, पण लांबून जाते. दहा मिनिटं लागतील."

"सहा साल लांबूनच गेलो," काका म्हणाले. दुर्बीण माझ्याच हातात राहू देत त्यांनी पिशवी खांद्याला लावली, आणि निघाले. सरळ. ओल्या वाळूवरून, पाखरांच्या अगदी मधून.

रखवालदारानं धावत येत शिट्टी तोंडाला लावली. मी त्याचा हात धरला. "भाऊ, पाया पडतो. यांना जाऊ द्या. पोरीकडे चाललेत."

आधी काठाची दहा उडाली, मग शंभर, मग सगळी. एवढा आवाज झाला की मी दचकलो. काकांनी वर पाहिलं नाही. डोक्यावर पांढरं आभाळ फिरत होतं आणि खाली चिखलाचा शर्ट घातलेला एक म्हातारा, हात थोडे पुढं धरून, अंदाजानं चालत होता. निळ्या दारात प्रणिता उभी होती. ती हालत नव्हती.

मी वही उघडली. लिहायचं काम माझ्याकडेच होतं.

'कुरव. संख्या मोजता आली नाही. समुद्र. गुणवंतकाका सरळ गेल्यानं.'

मग मागचं, सहा वर्षांपूर्वीचं पान काढलं. त्या एका ओळीखाली भरपूर जागा होती. तिथं मी तारीख घातली आणि लिहिलं, 'शेकाटी. १. आहे.'